भिंतीआड गेल्यावरही मरतोय: सर्व्हरवर एसव्ही_मॅक्सअनलॅग किती ठेवावं?

सांगलीकर_ऑप

नमस्कार मंडळी. प्रश्न काउंटर-स्ट्राइक 1.6 च्या एका सेटिंगचा आहे, पण त्यात दहा जणांची वीस वर्षांची दोस्ती अडकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2006 साली सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॅफेत आम्ही रोज संध्याकाळी बसायचो. सगळी मशीन एकाच स्विचला, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) 5 च्या आसपास. कोण हरला, कोण जिंकला यावर भांडणं व्हायची, पण "गोळी लागलीच नव्हती" असं कुणी कधी म्हटलं नाही. आता मी सांगलीतच आहे, छपाईचं काम करतो. चौघे पुण्यात, दोघे मुंबईत, एक कोल्हापुरात, एक दुबईत आणि माझा मावसभाऊ न्यू जर्सीत. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्यानं घेतलाय. दर शनिवारी रात्री दहाला जमतो. मावसभावाकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. पुणेकरांचं पिंग 12 ते 18, माझं 22, दुबईचं 45 आणि मावसभावाचं 230.

गेल्या शनिवारी डस्ट टू हा नकाशा चालू होता. मी एके रायफल घेऊन लाँगवर, म्हणजे त्यातल्या लांब रस्त्यावर, होतो. डबल डोअरमधून मावसभाऊ बाहेर आला, मी दोन गोळ्या मारल्या आणि मागे पळून भिंतीआड गेलो. पूर्ण गेलो. समोर फक्त भिंत दिसत होती, आणि मग मेलो. त्याच रात्री पुण्याच्या एका मित्राच्या बाबतीत हे तीनदा झालं. तो माइकवर म्हणाला, "याला सर्व्हरवरून काढा, नाहीतर पुढच्या वेळेपासून मी नाही." मावसभाऊ काही बोलला नाही. हाफ संपल्यावर गुपचूप निघून गेला. दोन वर्षांपूर्वी एकेकाला फोन करून हा ग्रुप परत जमवला तो त्यानंच. मला रात्री झोप लागली नाही.

सर्व्हरवर एसव्ही_अनलॅग (गोळी तपासताना पिंगचा उशीर भरून काढणारं सेटिंग) 1, म्हणजे चालू, आणि एसव्ही_मॅक्सअनलॅग (तो उशीर जास्तीत जास्त किती सेकंद भरून काढायचा ती मर्यादा) 0.5 आहे, मुळात असतं तसंच. रविवारी आम्ही दोघांनीच अनलॅग 0 करून बघितलं. मी डावीकडून उजवीकडे पळत राहिलो, तो मारत राहिला. त्याच्या प्रत्येक गोळीची खूण माझ्या मागच्या भिंतीवर उमटत होती. "दादा, मी तुझ्या छातीवरच मारतोय रे," असं तो म्हणत होता, आणि मला त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

माझा प्रश्न एवढाच: भिंतीआड गेलेला माणूस मरू नये आणि लांबून येणाऱ्यालाही खेळता यावं, असा काही आकडा आहे का?

नेटकोड_नाशिक

दादा, आकड्याकडे येऊच, त्याआधी सर्व्हर नक्की काय करतो ते सांगतो.

मावसभावाच्या पडद्यावर जे दिसतं ते जुनं असतं. त्यानं ट्रिगर दाबला की सर्व्हर त्याचं पिंग बघतो, तेवढं घड्याळ मागे फिरवतो, त्यातून इंटरपोलेशनचा (हालचाल सलग दिसावी म्हणून पडदा मुद्दाम जरा मागे ठेवलेला असतो, तो) वेळ आणखी वजा करतो, आणि त्या क्षणी सगळे जिथे उभे होते तिथे त्यांना नेऊन गोळी तपासतो. म्हणजे त्यानं तुम्हाला उघड्यावर बघूनच मारलं. तो खोटं बोलत नाही आणि तुम्हीही बोलत नाही. दोघांचे क्षण वेगळे आहेत, सर्व्हर नेम धरणाऱ्याचा क्षण खरा मानतो.

एके हातात असताना पळण्याचा वेग सेकंदाला 221 युनिट असतो. खेळाडूच्या अंगाची रुंदी 32 युनिट. पिंग 230 म्हणजे त्या वेळात तुम्ही 51 युनिट पुढे गेलेले असता, दीड माणूसभर. त्यात तुमचं स्वतःचं 22 चं पिंग धरा, आणखी 5 युनिट. भिंतीआड मेल्यासारखं वाटतं ते या दीड माणसाच्या अंतरामुळे.

हे कुणाच्या नजरचुकीनं झालेलं नाही. व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये या पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात कोपऱ्याआड गेलेल्याला गोळी लागल्यासारखं वाटेल हे स्पष्ट सांगितलंय. तेव्हा बहुतेक लोक मोडेमवर होते. प्रत्येकानं आपापल्या पिंगइतका नेम पुढे धरायचा, यापेक्षा कधीमधी कोपऱ्याआड मरणं परवडलं, असा त्यांचा हिशोब होता. 0.5 ही मर्यादा त्या काळाच्या अंगाची आहे. फायबरच्या दिवसांत अर्धा सेकंद फार होतो.

पण मर्यादेला हात लावण्याआधी एक काम करा. मावसभावाच्या कन्सोलमध्ये ईएक्स_इंटरप (इंटरपोलेशनचा वेळ, सेकंदांत) आणि सीएल_अपडेटरेट (तो सर्व्हरकडून सेकंदाला किती अपडेट मागतो) किती आहे ते विचारा. आणि तुमच्या सर्व्हरवर एसव्ही_मॅक्सअपडेटरेट बघा, म्हणजे सर्व्हर जास्तीत जास्त किती अपडेट देतो ते.

कॅफेवाला_इचलकरंजी

मी 2003 ते 2012 कॅफे चालवला, चौदा मशीन होती. पोरांच्या मारामाऱ्या सोडवता सोडवता या गोष्टी शिकलो. नाशिककरांचं गणित बरोबर आहे, माझं म्हणणं खेळाबद्दल आहे.

ज्या पुणेकर मित्रानं "काढा याला" म्हटलं, तो मरतो तेव्हा पळत असतो की एका जागी ऑप (स्नायपर रायफल) धरून बसलेला असतो? हे आधी विचारा. कारण बसलेल्या माणसाला अनलॅगची मर्यादा कमी करून काडीचाही फायदा नाही. तो 230 मिलिसेकंदांपूर्वी जिथे होता तिथेच आत्ताही आहे. घड्याळ मागे फिरवा नाहीतर फिरवू नका, गोळी लागणारच. तिथे मारतो तो पीक करणाऱ्याचा, म्हणजे कोपऱ्यातून अचानक बाहेर येणाऱ्याचा, फायदा, आणि ती वेगळीच भानगड आहे. तुमचा मावसभाऊ कोपऱ्यातून बाहेर आला की त्याला बसलेला माणूस लगेच दिसतो. तो बाहेर आल्याची बातमी मात्र सर्व्हरवर जाऊन मग पुण्याला पोचते, तोवर त्याचा नेम लागलेला असतो. अनलॅग पूर्ण बंद केलं तरी हे तसंच राहतं.

कॅफेत एकदा बाहेरच्या सर्व्हरवर खेळताना माझ्या पोरांचं पिंग अचानक 180 झालं. आठवड्याभरात त्यांचा खेळ बदलला. जी पोरं मुंगीसारखी कोपऱ्याला चिकटून बसायची ती बाहेर पडून धडाधड पीक मारायला लागली, कारण लांबच्याला बसून काही मिळत नाही, चालून गेलं तरच मिळतं. सेटिंग बदललं की माणसाची चालही बदलते, ती अशी.

म्हणून कमी पिंगवाल्यांना माझं सांगणं: कोपऱ्याला चिकटू नका. कोपऱ्यापासून जो लांब उभा असतो त्याला समोरचा आधी दिसतो, ही साधी भूमिती आहे. एक गोळी मारली की जागा सोडा. भिंतीच्या कडेशी थांबू नका, कड ओलांडल्यावर आणखी दोन पावलं आत जा. आणि फ्लॅश, म्हणजे डोळे दिपवणारी ग्रेनेड, वापरा. फेकलेल्या फ्लॅशसाठी सर्व्हर घड्याळ मागे फिरवत नाही, ती आत्ताच्या क्षणात फुटते. तिथे कमी पिंगवाल्याला त्याचा पूर्ण फायदा मिळतो.

मर्यादा कमी करायला माझा विरोध आहे, तेही सांगून ठेवतो. नेम अंगावर धरून गोळी लागत नसेल तर माणूस खेळ सोडतो. भिंतीआड मेलेला चिडतो, पण दुसऱ्या दिवशी परत येतो.

मेलबर्नचा_पाहुणा

मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे. मूळ साताऱ्याचा, आता मेलबर्नला. मुंबईच्या सर्व्हरवर माझं पिंग 160 येतं. इचलकरंजीकर काकांच्या शेवटच्या ओळींशी मी पूर्ण सहमत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या ग्रुपनं मर्यादा 0.1 केली तेव्हा मला आधी फार लागलं. आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी केलंय असं वाटलं. मग एका मित्रानं मला त्याच्या बाजूचा डेमो (खेळाचं रेकॉर्डिंग) पाठवला. त्यात तो बी टनेलच्या तोंडाशी आडवा पळत होता, आत शिरला, दोन पावलं चालला आणि पडला. मी मारलं होतं. माझ्या पडद्यावर तो अजून उघड्यावर होता, आणि मला त्या राउंडचा अभिमान वाटला होता. डेमो बघितल्यावर नाही वाटला.

0.1 वर माझा वाटा 60 मिलिसेकंदांचा. म्हणजे आडवा पळणारा माणूस असेल तर साधारण 13 युनिट पुढे धरायचं, अर्ध्या अंगाहून थोडं कमी. हे हाताला बसतं, महिना लागला. पण ऑपचा फ्लिक, म्हणजे झटक्यात नेम फिरवून मारणं, मला सोडावा लागला. आता मी अशा जागा धरतो जिथून माणूस सरळ माझ्या अंगावर चालून येतो, कारण सरळ येणाऱ्याला पुढे धरावं लागत नाही. टनेल, डोअर, अरुंद गल्ल्या. मिडमध्ये उभा राहत नाही. खेळ वेगळा झाला, वाईट झाला असं मी म्हणणार नाही.

एकच विनंती. जो आकडा ठराल तो त्याला आधी सांगा. किती पुढे धरायचं हे माहीत असलेला माणूस शिकतो. न सांगता बदललं तर त्याला वाटेल हात गेला.

सांगलीकर_ऑप

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. नाशिककर, तुम्ही विचारलं म्हणून काल मावसभावाला फोन केला. ईएक्स_इंटरप 0.1, सीएल_अपडेटरेट 20, रेट (सेकंदाला किती बाइट घ्यायचे) 8000. मी विचारलं हे आकडे कुठून आणले. तर म्हणाला, कॅफेतल्या सात नंबरच्या मशीनवरची कॉन्फिग फाइल आहे. 2007 ला सांगली सोडताना पेन ड्राइव्हवर घेतली होती, तेव्हापासून प्रत्येक कॉम्प्युटरवर तीच टाकत आलाय. आपली सवय जाऊ नये म्हणून.

आणि सर्व्हरवर मॅक्सअपडेटरेट 30 होतं. मी कधी बघितलंच नव्हतं, ही चूक माझी.

इचलकरंजीकर काका, पुणेकर मित्राच्या तीन मरणांचे डेमो बघितले. दोनदा तो पिटमध्ये (लाँगच्या टोकाच्या खड्ड्यात) ऑप घेऊन स्थिर होता. एकदाच पळत होता.

नेटकोड_नाशिक

वाटलंच होतं. आता हे बघा.

इंटरप 0.1 म्हणजे 100 मिलिसेकंद. पिंगच्या 230 वर हे वेगळे धरले जातात, कारण मॅक्सअनलॅग फक्त पिंगला लगाम घालतं, इंटरपला नाही. म्हणजे सर्व्हर आजवर 330 मिलिसेकंद मागे जात होता. 73 युनिट. दोन माणसांहून जास्त. यातला जवळजवळ तिसरा हिस्सा अंतरामुळे नाही, त्या सात नंबरच्या मशीनमुळे आहे.

आधी सर्व्हरवर मॅक्सअपडेटरेट 100 करा; ते 30 वर असताना त्यानं 100 मागितले तरी मिळणार नाहीत आणि माणसं झटके खात पळताना दिसतील. मग त्याच्याकडे अपडेटरेट 100, रेट 25000 आणि ईएक्स_इंटरप 0.02. अगदी 0.01 नको, अटलांटिक ओलांडून येणारी पाकिटं थोडी मागेपुढे होतात, एखादं चुकलं तर पुरतं पाहिजे. नेट ग्राफ 3 लावून लॉस (हरवलेली पाकिटं) आणि चोक (अडकून राहिलेली पाकिटं) दोन्ही शून्याजवळ आहेत ना ते बघा.

एवढ्यानं 330 चे 250 होतात. 73 युनिटांचे 55. कुणाचंही काही न हिरावता.

त्यानंतर मर्यादा. 0.15 ठेवलीत तर सर्व्हर 170 मिलिसेकंद मागे जाईल, तुमचं भिंतीआडचं अंतर 38 युनिटांवर येईल, आणि उरलेल्या 80 मिलिसेकंदांसाठी त्याला 18 युनिट पुढे धरावं लागेल, म्हणजे अर्ध्या अंगाहून किंचित जास्त. दुबईवाल्याला आणि तुम्हा बाकीच्यांना काहीच फरक पडणार नाही, कारण तुमची पिंग मर्यादेच्या आतच आहेत. मी 0.1 च्या खाली जाणार नाही. आणि अनलॅग 0 तर कधीच करू नका. तेव्हा इंटरपचाही वेळ नेमात धरावा लागतो, पुणेकरांच्या सुद्धा गोळ्या चुकायला लागतील.

हा न्याय आहे का, असं विचाराल. अंतर कुणाला तरी सोसावंच लागतं. प्रकाश फायबरमधून सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटर आहे. जाऊन येऊन 125 मिलिसेकंद, केबल वळणं घेते ते वेगळं. हे कुठलंही सेटिंग पुसत नाही. ते कुणाच्या पदरात किती टाकायचं, एवढंच मॅक्सअनलॅगमध्ये ठरतं, आणि ते दहा जणांनी मिळून ठरवावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रेलगन_ठाणे

थोडं वेगळं. 1999 च्या क्वेक थ्री या गोळीबाराच्या खेळात मुळात घड्याळ मागे नेणं नव्हतंच. रेलगन (जिची गोळी क्षणात लागते ती बंदूक) मारताना आपलं पिंग बघून पुढे धरायचं, ही तेव्हा शिकण्याची गोष्ट होती. जास्त पिंगवाले रेलगन सोडून रॉकेटवर जायचे, कारण रॉकेट तसंही अंदाजानंच मारायचं असतं. मग घड्याळ मागे नेणारा अनलॅग्ड नावाचा मॉड (खेळात वरून केलेला बदल) आला आणि अनेकांनी तो आनंदानं घेतला. मी दोन्ही खेळलोय. पुढे धरून लागलेल्या रेलची मजा वेगळी होती, पण 50 पिंगवाल्यासमोर 200 वाला कधी उभाच राहिला नाही, हेही खरं.

सूचना: सर्व्हर मुंबईतच का? फ्रँकफर्टला ठेवून बघा. न्यू जर्सीहून तिथे 90 च्या आसपास मिळतं, महाराष्ट्रातून 120-130. सगळेच थोडे लांब, कुणीच फार लांब नाही.

सांगलीकर_ऑप

शनिवार झाला. जे झालं ते लिहितो.

शुक्रवारी ग्रुपवर आकडे टाकले: अपडेटरेट 100, इंटरप 0.02, मॅक्सअनलॅग 0.15, आणि न्यू जर्सीला अर्धं अंग पुढे धरावं लागेल हेही. मेलबर्नकर, तुमचं ऐकलं. मावसभावानं फक्त एवढं लिहिलं, "सात नंबर मशीनची फाइल डिलीट करत नाही, नाव बदलून ठेवतो."

खेळाआधी आम्ही दोघं अर्धा तास आधी बसलो. मी डस्ट टूच्या लाँगवर एके घेऊन आडवा पळायचो, तो मारायचा. पहिल्या दहा मिनिटांत गोळ्या पाठीमागून जात होत्या. मग तो थांबला, म्हणाला, "तुझ्या पुढच्या खांद्यावर धरतो," आणि तिथून पुढे लागायला लागल्या. सगळ्या नाही. चारातल्या दोन-तीन. पण तो हसत होता, हे मी हेडफोनमध्ये ऐकलं.

सामन्यात मी दोनदा भिंतीआड मेलो. दोन्ही वेळा कडेशीच होतो, खांदा जेमतेम आत गेला होता, आणि ते मला पटलं. आधीसारखं भिंत बघत मेलो नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे कड ओलांडून दोन पावलं आत जायला लागल्यावर पुढचे सहा राउंड एकदाही तसं झालं नाही.

पुणेकर मित्र पिटमध्ये ऑप घेऊन बसला आणि पहिल्याच राउंडला मावसभावानं त्याला पीक मारून उडवलं. माइकवर शांतता. मी मुद्दाम लगेच बोललो नाही. मग राउंड संपल्यावर त्याला त्याचाच डेमो दाखवला: तो तीन सेकंद हललाच नव्हता. काकांचं वाक्य मी जसंच्या तसं वाचलं, बसलेल्याला मर्यादेचा फायदा नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. पुढच्या हाफला पिट सोडून मागे साइटवर कोल्हापूरकराबरोबर दोन कोनांतून उभा राहिला आणि डोअरवर फ्लॅश टाकायला लागला. मावसभाऊ तिथून तीनदा बाहेर आला, तीनदा पांढऱ्या पडद्यासमोर मेला. मग त्यानंही लाँग सोडलं आणि बी टनेलमध्ये जाऊन बसला, मेलबर्नकरांनी लिहिलंय अगदी तसा, सरळ अंगावर येणाऱ्यांची वाट बघत.

रात्री साडेबाराला आटोपलं. पुणेकर मित्र सगळे गेल्यावर थांबला होता. मावसभावाला म्हणाला, "मागच्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं." त्यानं उत्तर दिलं, "पुढच्या शनिवारी टनेलमध्ये ये."

ठाणेकर, फ्रँकफर्टची कल्पना सगळ्यांना आवडली, फक्त दुबईवाला नाराज आहे, त्याचे 45 चे सव्वाशेच्या जवळ जातील. एक महिन्यासाठी सर्व्हर घेतोय, एक शनिवार मुंबई, एक शनिवार तिथे. आता नाशिककरांना विचारतो: सगळेच 90 ते 130 मध्ये असतील तर मॅक्सअनलॅग 0.15 तसंच ठेवू, की आणखी खाली आणू?